काळ्या सोंगट्या घेऊन लोणावळ्याला

आमच्या वडिवळ्यापासून लोणावळा लांब नाही. कामशेतला गाडीत बसलं की मधे एक मळवली, मग लोणावळाच. कुठकुठली माणसं तिथं मुक्कामाला येतात. मी मात्र बहात्तर वर्षांचा होईपर्यंत तिथं एक रात्र काढली नव्हती. बाजाराला गेलो, दवाखान्यात गेलो, लग्नाला गेलो, आणि धारा काढायच्या वेळेला घरी आलो. म्हशी सोडून माणूस राहणार कुठं?

यंदा राहिलो. तीन दिवस. बुद्धिबळाच्या स्पर्धेत खेळायला. गावात सांगितलं तेव्हा लोक म्हणाले, आबाला म्हातारचळ लागला. परत आलो तर तेच लोक विचारायला लागले, तिथं काय असतं, कोण येतं, बक्षीस मिळालं का. एकेकाला सांगून तोंड दुखलं म्हणून लिहून काढतोय. मी चौथी शिकलेला माणूस. गोड लिहिता येत नाही. झालं तसं लिहितो.

आधी का गेलो ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझी बायको मागच्या साली गेली. ती माहेरून येताना बुद्धिबळ घेऊन आली होती. तिच्या वडलांना खेळायचा लय नाद, पण समोर बसायला कुणी नाही, म्हणून त्यांनी पोरीला शिकवलं. लग्न झाल्यावर तिनं मला शिकवलं. आमच्या गावात दुसऱ्या कुणाला हा खेळ येत नव्हता. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं ती एकट्या माझ्याशीच खेळली, आणि मला हरवत राहिली. मी कधी जिंकलो तर त्या दिवशी तिला ताप असायचा, नाहीतर चुलीवर दूध असायचं.

मला हरायचा राग यायचा. मी म्हणायचो, "माझ्यासारख्या मठ्ठाला हरवलंस, त्यात काय मोठं?"

ती म्हणायची, "मग दुसरा आना की समोर."

दुसरा मी कधी आणला नाही. एकदा तिचा धाकटा भाऊ दत्तू स्पर्धेचा छापील कागद घेऊन आला. तो खंडाळ्याला एका बंगल्यावर राखणीला असतो. तिनं तो कागद दोनदा वाचला आणि मला म्हणाली, "जाऊ का आपन?"

मी म्हणालो, "तितं शिकलेली मानसं येत्यात. तुला हसतील."

तिनं कागदाची घडी केली आणि फळीवर पिठाच्या डब्याखाली अंथरली. पुन्हा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

आता ती नाही आणि माझं ते बोलणं मला झोपू देत नाही. खरंच हसले असते का? ती खरी खेळणारी होती, का समोर मी कच्चा होतो म्हणून जिंकत होती? हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं, कारण तिचा खेळ माझ्याशिवाय कुणी बघितलाच नव्हता. पण तिचा डाव मला पाठ होता. इतक्या वेळा हरल्यावर कुणालाही पाठ होईल. म्हणून ठरवलं, तिचा डाव घेऊन जायचं, त्या शिकलेल्या माणसांपुढं मांडायचा, आणि बघायचं हसतात का.

डाव कसा ते थोडक्यात. आमचा खेळ देशी. त्यात प्यादं पहिल्या खेळीलासुद्धा एकच घर सरकतं. आणि राजाला, शह बसलेला नसेल तर, सगळ्या डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. ही कायम काळ्या सोंगट्या घ्यायची. राजाकडचा घोडा आधी बाहेर. मग घोडा जिथं होता त्याच्या पुढचं प्यादं एक घर सारायचं आणि प्याद्याच्या जागी उंट बसवायचा. मग वजिरापुढचं प्यादं एक घर. पुढं बाकीच्या सोंगट्या हळूहळू. राजा मात्र मधोमध तसाच. मी पांढरा घेऊन प्यादी दामटत निघायचो, वाटायचं आज घावली. मी एका बाजूनं पुरता पुढं गेलो की तिचा राजा टुणकन दुसऱ्या बाजूला. मग पुढं गेलेली माझी प्यादी ती तांदळातले खडे निवडावेत तशी निवडायची.

स्पर्धेतल्या खेळात राजाची उडी नाही. त्याच्याऐवजी एकदाच राजा दोन घरं हत्तीकडं सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडं येऊन बसतो. त्याला किल्लेकोट म्हणतात. सुनेनं मोबाइलवरून सगळे नियम वाचून दाखवले. खेळ्या कागदावर लिहाव्या लागतात, म्हणून इंग्रजी आठ अक्षरं शिकवली. भात झोडून झाल्यावर पंधरा दिवस मी अंगणात बसून ती अक्षरं गिरवत होतो. म्हशी रवंथ करत बघत होत्या.

शुक्रवार, लोणावळा

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. त्या कार्यालयात मी पूर्वी लग्नाला जेवलो होतो. बँडचा आवाज, पोरांची रडारड, "वाढपी कुठं गेले" म्हणून ओरडणारे मामा, अशी ती जागा माझ्या डोक्यात. आत गेलो तर दीडशे-दोनशे माणसं आणि पंख्याचा आवाज ऐकू येतोय. लांबच लांब टेबलं, त्यावर पट, प्रत्येक पटाशेजारी दोन तोंडांचं घड्याळ. एवढी माणसं एका जागी आणि एवढी गप्प मी भजनातसुद्धा बघितली नाहीत. मला ते लय आवडलं. आमच्या घरी खेळ म्हणजे निम्मा तोंडानं. "घे, मर," "बघ हं, रडशील नंतर." इथं शहसुद्धा मनातल्या मनात द्यायचा.

ते मला ठाऊक नव्हतं. पहिला डाव पिंपरीहून आलेल्या नऊ वर्षांच्या पोरीशी होता. मला पांढऱ्या सोंगट्या. सातव्या का आठव्या खेळीला मला शह द्यायला मिळाला आणि मी सवयीनं ओरडलो, "शह!" सगळी टेबलं माझ्याकडं वळली. पंच धावत आले. उंच, सडपातळ माणूस, गळ्यात ओळखपत्र. ओठांवर बोट ठेवून हसले आणि गेले.

पुढं मी खेळी केली की घड्याळ दाबायला विसरायचो. माझाच वेळ पळत राहायचा. ती पोरगी थोडा वेळ बघत राहिली, मग वाकून कुजबुजली, "आजोबा, घड्याळ."

"अगं व्हय की."

दोन खेळ्यांनी पुन्हा, "आजोबा, घड्याळ."

असं चार वेळा झालं. तिला बोलायची गरज नव्हती. गप्प बसली असती तरी जिंकली असती. शेवटी जिंकलीच. उठून हात पुढं केला, मी हातात घेतला तर माझ्या तळव्यात तो दिसेना. आपल्याकडं मोठ्यांना सांगावं लागतं, हरलेल्याला चिडवू नका. ती पोर शिकवल्यासारखी नाही, आतूनच तशी होती.

तर पांढरा घेऊन मी माझं खेळलो आणि हरलो. दुसऱ्या डावाला काळ्या सोंगट्या आल्या. समोर कर्जतचा रेल्वेतून निवृत्त झालेला कारकून, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मी हिचा डाव मांडला. फरक एवढाच की उडीच्या जागी वेळ बघून किल्लेकोट. तो तासाभरात हरला. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण तो उठताना म्हणाला, "सकाळपासून डोकं धरलंय माझं," आणि मला वाटलं, हा माझ्याएवढाच कच्चा निघाला. मठ्ठ माणसाला हरवून हिच्याबद्दल काय कळणार?

संध्याकाळी, खंडाळा

मुक्काम दत्तूकडं होता. त्याला इंद्रायणीचा तांदूळ पाच पायल्या नेला होता. बंगला असा की आमची आळी आत मावेल, आणि मालक वर्षातून आठ दिवस येतात. बाकीचे दिवस दत्तू आणि त्याची बायको सुमन मागच्या दोन खोल्यांत राहतात, आणि पुढच्या अकरा खोल्या झाडतात.

दत्तूनं मला घाटाच्या कडेला नेलं. ऊन कलतं होतं, समोर नागफणीचं टोक, लांब राजमाची. खाली दरीत रेल्वेची लाईन बोगद्यातून निघते आणि बोगद्यात शिरते. एक लांबलचक गाडी कर्जतकडून चढत होती. पुढं इंजिन होतंच, मागंही इंजिनं लावलेली.

"मागची ढकलत्यात," दत्तू म्हणाला. "ती नसली तर गाडी घाट चढायची न्हाई. पन फोटू समदे पुढच्या इंजिनाचा काढत्यात."

मी बराच वेळ बघत उभा राहिलो. आयुष्यभर घाटाच्या वर राहिलो आणि गाडी कशी वर येते हे कधी बघितलं नव्हतं. ज्यानं पहिल्यांदा त्या डोंगरातून लाईन काढायची ठरवली त्याच्या डोक्याला आणि ज्यांनी फोडला त्यांच्या हाताला, दोन्हीला नमस्कार.

सुमन खाली कर्जतकडची. तांदळाची भाकरी आमच्यासारखीच, पण वालात नारळ, कोलंबीत नारळ, भेंडीतसुद्धा नारळ. आम्ही शेंगदाण्याचा कूट घालतो. मी दोनदा मागून घेतलं. दत्तू म्हणाला, "दाजी, परवा मालकाच्या पाव्हन्यांनी पांढऱ्या चिकट रश्श्यातल्या जाड्या शेवया केल्या आन् उरल्या त्या आम्हांला दिल्या. कुत्र्यानंबी तोंड फिरवलं."

मग बहिणीचा विषय निघाला. दत्तू म्हणाला, "आमच्या वडलांनी अक्काला शिकवलं, मला न्हाई. मी सोंगट्या चघळायचो. एक उंट आजून माझ्या दाताचा हाय."

मी म्हणालो, "हाय खरा. घरात हाय."

मग म्हणाला, "दाजी, मी तवा कागद आनला व्हता. आनायला पायजे व्हती तुमी तिला."

दत्तू तसा थट्टेखोर माणूस. हे मात्र थट्टेत बोलला नाही. मी "व्हय" म्हणालो.

शनिवार

सकाळी दाट धुकं. खंडाळ्याहून चालत निघालो तर वाटेत एका माकडानं सुमननं बांधून दिलेली भाकरीची पिशवी हातातून हिसकली. पिशवीत चष्मा होता. माकडानं भाकरी ठेवून घेतली, चष्मा नाकाशी नेऊन बघितला आणि नापसंत करून रस्त्यावर फेकला. एक काच तडकली. पुढचे दोन दिवस मी पट एका डोळ्यानं नीट आणि एका डोळ्यानं फाटका बघितला. हरण्याचं कारण म्हणून सांगत नाही. पांढऱ्या सोंगट्यांचा तिसरा डाव मी धड चष्म्यानंही हरलो असतो.

चौथ्या डावाला काळ्या आल्या. समोर येऊन बसल्या त्या तळेगावच्या मृणालबाई. शाळेत गणित शिकवतात, वय पस्तीस-छत्तीस, केसांत पेन खोचलेलं. शेजारचा माणूस मला हळूच म्हणाला, "आबा, जपून. या लय वरच्या खेळाडू आहेत. शाळेच्या कामामुळं काल आल्या नाहीत, गुण कमी पडले, म्हणून तुमच्या वाट्याला." मी ज्यासाठी आलो होतो ते माणूस समोर बसलं होतं.

हिचा डाव मांडला. घोडा, प्यादं, उंट, प्यादं. बाई भराभर खेळत होत्या. मग मी किल्लेकोट करीना तशा त्यांच्या खेळ्या मंदावल्या. एकदा पटाकडं, एकदा माझ्याकडं बघायच्या. मी राजा मधे ठेवून घोडे, उंट, वजीर जागेवर आणत राहिलो. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं आणि राजाकडच्या बाजूनं प्यादी सोडली, एकामागून एक. मी हे आयुष्यभर उलट्या बाजूनं बघितलेलं. प्यादी परत फिरू शकणार नाहीत अशा जागी आली आणि मला हिचा आवाज ऐकल्यासारखं झालं, "आता."

मी राजा उचलला आणि अडीच घरं उडी मारून दुसऱ्या बाजूला ठेवला. घड्याळ दाबलं.

बाईंनी घड्याळ थांबवलं. "आबा, राजा असा जात नाही."

मला तेव्हा कळलं. किल्लेकोट करायच्या जागी हातानं देशी उडी मारली होती. डोक्यानं पंधरा दिवस शिकलेलं होतं, हात जुनाच होता.

पंच आले. बाईंना दोन मिनिटं वाढवून दिली, माझा राजा परत मधे ठेवला आणि म्हणाले, "राजाला हात लागलाय, आता राजाच हलवायचा." मी राजा एक घर बाजूला सारला. त्यानंतर सांगण्यासारखं काही नाही. दहा-बारा खेळ्यांत मात झाली.

त्यांचा हात हातात घेऊन मी उठणार तर बाई म्हणाल्या, "आबा, पाच मिनिटं आहेत का? बाहेर बसू."

ही इथली रीत मला सगळ्यांत जास्त आवडली. डाव संपला की हरलेला आणि जिंकलेला दोघं बाहेर जाऊन तोच डाव पुन्हा मांडतात. जिंकलेला सांगतो कुठं घाबरलो होतो, हरलेला सांगतो कुठं चुकलो. आमच्याकडं बैलगाडीची शर्यत हरली तर दोन वर्षं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.

अंगणात आंब्याखाली पट मांडला. चहा आला. माझ्या कागदावरच्या खेळ्या वाचायला त्यांना त्रास झाला, बी आणि डी माझ्या हातून उलटे पडतात. पण काढलं शोधून. माझी उडी मारायच्या आधीची जागा मांडली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"इथं मी अडकले होते, आबा. तुम्ही वजिराकडं किल्लेकोट केला असता तर माझी ही सगळी प्यादी गेली होती. आणि पंचांनी राजा हलवा म्हटलं तेव्हाही करता येत होता की हो! किल्लेकोट ही राजाचीच खेळी असते."

मी कपाळाला हात लावला. दोनदा संधी मिळाली आणि दोनदा घालवली.

बाई म्हणाल्या, "एक विचारू? राग मानू नका. इथपर्यंतचा डाव आणि इथून पुढचा, एका माणसाचा वाटत नाही."

"न्हाईच एका मानसाचा," मी म्हणालो. "हितवर माझी बायको. हितनं पुढं मी."

मग सगळं सांगितलं. देशी खेळ, राजाची उडी, फळीवरचा कागद, सगळं. शेवटी मीच विचारलं, "बाई, सरळ सांगा. ती चांगली खेळत व्हती का?"

मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, बायको गेलीय, हो म्हणतील. त्या हो म्हणाल्या नाहीत.

"सुरुवात ओळखीची आहे. आम्ही तिला किंग्ज इंडियन म्हणतो. इंग्रजांच्या काळात आपली माणसं अशी एकेक घर सरकत खेळायची, ते बघून नाव पडलं. पण त्यात राजा लवकर कोपऱ्यात जातो. असा मधे ठेवून वाट बघत बसत नाहीत. हे त्यांचं स्वतःचं दिसतं. आता ते धाडस आहे की वेडेपणा, हे मी चहा पिऊन सांगितलं तर खोटं होईल. हे खेळून कळतं, तेही वरच्या माणसासमोर."

आमच्या घरच्या बाईला कुणी शिकलेल्या माणसानं एवढ्या मानानं "त्यांचं" म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. समोरच्यानं मधलं प्यादं पुढं लोटलं तर त्या काय करायच्या? त्यानं प्यादी सोडलीच नाहीत तर? मला बोलून सांगता येईना. सोंगट्या हलवून दाखवलं की यायचं. त्यांनी केसांतलं पेन काढलं आणि माझ्याच कागदाच्या मागं लिहून घेतलं. चहा गार झाला, दुसरा आला, तोही गार झाला.

उठताना म्हणाल्या, "उद्या शेवटच्या फेरीत मला काळ्या आल्या तर हेच खेळणार."

"तुमचं बक्षीस जाईल, बाई."

"जाईल तर जाईल. आणि आबा, तुमच्यासाठी खेळत नाही हं मी. मला तो मधला राजा आवडलाय."

रविवार

आदल्या संध्याकाळचा पाचवा डाव, पांढऱ्या सोंगट्यांचा, मी हरलोच होतो. सकाळच्या फेरीत मला काळ्या होत्या. एका कॉलेजच्या पोराशी हिचा डाव मांडला, वेळेवर किल्लेकोट केला, हाताला दुसऱ्या हातानं धरून केला म्हणा, आणि बरोबरी झाली. पोरगा म्हणाला, "भारी खेळता, आबा." पण माझं सगळं लक्ष दुपारच्या फेरीकडं होतं.

शेवटच्या फेरीच्या जोड्या भिंतीवर लागल्या. मृणालबाई चुकलेले पहिले दोन डाव सोडून सगळे जिंकल्या होत्या. त्यांना काळ्या. समोर मुंबईचा एक नावाजलेला खेळाडू, पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट. तो जिंकला तर पहिल्या तिघांत येणार होता.

मला पांढऱ्या. खरं सांगतो, मी घाई केली. अर्ध्या तासात हरलो, हात दिला आणि दोरीपाशी जाऊन उभा राहिलो. वरच्या टेबलांभोवती दोरी बांधलेली असते, बघणाऱ्यांनी बाहेर राहायचं.

पटावर सगळं लागलेलं होतं. घोडा. प्यादं. उंट. प्यादं. बाईंचे हात हिच्यासारखे नव्हते, हिचे भात लावून फुगलेले. पण खेळ्या तिच्याच होत्या, एकूण एक. आमच्या ओसरीवरचा खेळ एवढ्या माणसांत, वरच्या टेबलावर, इस्त्रीच्या शर्टासमोर चालला होता.

नववी का दहावी खेळी. बाईंनी अजून किल्लेकोट केला नव्हता. मुंबईच्या माणसानं मधल्या राजाकडं बघितलं, मान वर केली आणि हसला. मोठ्यानं नाही. ओठाच्या एका कोपऱ्यातनं. शेजारच्या टेबलावरच्या ओळखीच्या माणसाला भुवईनं खूण करून पट दाखवला, तोही हसला.

मी तिला ज्या हसण्याचं भय घातलं होतं ते हेच होतं. मला दोरी ओलांडून जावंसं वाटलं. उभा राहिलो.

तो खुर्चीत मागं टेकला आणि राजाकडच्या बाजूनं प्यादी सोडायला लागला. एक. दुसरं. तिसरं. अगदी माझ्यासारखं. बाईंनी दोन्ही हातांत डोकं धरलं. घड्याळ चालू होतं. मी मनात म्हणत होतो, आता, बाई, आता. त्या हलेनात. पाच मिनिटं गेली, दहा गेली. माझ्या शेजारी उभा असलेला एक जण पुटपुटला, "वेळ संपेल यांचा."

वीस मिनिटं झाली असतील. मग त्यांनी राजा वजिराच्या बाजूला दोन घरं सारला आणि हत्ती पलीकडं ठेवला. घड्याळ दाबलं.

एवढ्या शिकलेल्या, एवढ्या वरच्या बाईंना ती खेळी शोधायला वीस मिनिटं लागली. ही तव्यावरची भाकरी उलटायला उठायची आणि उठता उठता करून जायची.

मुंबईचा माणूस पुढं सरकून बसला. त्याची प्यादी जिकडं पोचली होती तिकडं आता राजा नव्हता. त्याचं हसू गेलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. त्यानंतर तासभर तो खाली मान घालून होता. शेजारचा ओळखीचाही आपला डाव संपवून येऊन उभा राहिला, तोही हसत नव्हता. दोरीभोवती गर्दी झाली. पंचसुद्धा येऊन बघून गेले. शेवटी त्या माणसानं सोंगट्यांमधे राजा हळूच आडवा ठेवला आणि हार मानून हात पुढं केला.

माणूस मोठा होता, हे सांगायला पाहिजे. बाहेर आल्यावर त्यानं बाईंना विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात आहे?" बाईंनी माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाल्या, "यांच्या बायकोचा डाव आहे." तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "आबा, मी प्यादी सोडलीच नसती तर त्यांनी काय केलं असतं?"

मी म्हणालो, "तुमी सोडली असती, साहेब. ती सोडायला लावायची."

तो हसला. या वेळचं हसू वेगळं होतं. मला घेऊन आंब्याखाली बसला, पट मांडला, आणि संध्याकाळची गाडी निघायची वेळ होईपर्यंत मी त्याला आणि बाईंना हिचे डाव दाखवत होतो. आणखी चार-पाच जण भोवती उभे होते. कुणी बोलत नव्हतं.

मला बक्षीस नाही मिळालं. सात डावांत एक जिंकलो, एक बरोबरी, बाकी हरलो. त्याचं मला काही नाही. चव्वेचाळीस वर्षं मी ज्या बाईकडून हरलो तिच्याकडून त्या हॉलमधली निम्मी माणसं हरली असती.

आणि तिला मी जे म्हणालो होतो ते अगदीच खोटं नव्हतं. हसले असते. दहाव्या खेळीपर्यंत हसले असते, मग खुर्च्या पुढं ओढून गप्प बसले असते. ते गप्प बसणं मी बघून आलो. बघायला पाहिजे होतं तिनं.